आईचे हात कोर्टात चालत नाहीत

एयामूचा गुन्हा काय? त्याचा बैल दावं तोडून व्यापाऱ्याच्या कुंपणात शिरला आणि तो त्याला आणायला आत गेला. रस्त्यावरच्या पोलिसाने मागून 'थांब' म्हणून हाळी दिली. एयामू थांबला नाही. ज्याला जन्मात कधी वीज कडाडलेली ऐकू आली नाही, त्याला पोलिसाची हाळी काय ऐकू येणार? पण सरकारी घशाचा अपमान झाला होता. बंदुकीचा दस्ता पाठीत बसला आणि सकाळपर्यंत कागदावर एयामू म्हणजे परक्या आवारात शिरून पोलिसाच्या कामात अडथळा आणणारा गुन्हेगार झाला. बैल आपल्या पायांनी घरी गेला. बैलावर केस होत नाही.

अगुतीला ही केस मिळाली तेव्हा ती खूश झाली. डॉक्टरला दुर्मीळ रोग सापडला की तो खूश होतो, तशी. कायद्याची पदवी घेऊन तिला वर्षही झालं नव्हतं. डावा पाय लहानपणीच पोलिओने नेलेला, काखेत कुबडी, आणि अपंगांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एका संस्थेत ती इंटर्न. इंटर्न म्हणजे काम सगळं, पगार नाही, आणि वर 'तुला केवढी संधी मिळतेय' हे ऐकून घ्यायचं. संस्थेचं तेसो भागातलं ऑफिस एका हार्डवेअरच्या दुकानावर, माडीवर होतं. खालचा दुकानदार रोज दात काढायचा, "लंगड्यांचं ऑफिस माडीवर! आता आंधळ्यांसाठी सिनेमा थेटर काढा." अगुतीही हसायची. हसायचं, आधी कुबडी वर टाकायची, मग पाय.

ऑफिसच्या प्रमुख नबुकेरा मॅडम. जन्मांध. काम्पालाच्या. वकिलीच्या पहिल्याच दिवशी कोर्टाच्या शिपायाने त्यांना भिकारीण समजून दंडाला धरून बाहेर काढलं होतं. त्या दिवसापासून ही बाई कुठल्याच कोर्टातून हार मानून बाहेर पडली नाही. अगुतीला त्यांच्यासारखंच व्हायचं होतं. वर्षअखेरीस एका इंटर्नला कायम करणार, असं बोललं जात होतं, आणि बाकीचे इंटर्न कधीच काम्पालाला पळाले होते.

पहिल्या तारखेला मॅजिस्ट्रेटची दाढ सुजली होती. गालाला रुमाल लावूनच ते बसले.

"मुका आहे का हा?"

"बहिरा आहे, साहेब," नबुकेरा मॅडम उठल्या. "मुका हा शब्द अपमानाचा—"

"बरं, बरं, बहिरा. बाई, मला दाढ काढायला जायचंय. याच्याशी बोलतं कोण?"

मागच्या बाकावरून एक सुकलेली, उंच बाई उठली. "मी बोलते, साहेब. माझ्या पोटचा आहे."

ती एयामूची आई. तेसोत आईला तोतो म्हणतात. तिला पंचक्रोशीत सगळे तोतोच म्हणायचे. नाव विचारायची वेळ कुणावर आली नव्हती.

"विचार त्याला, त्या कुंपणात कशाला तडमडलास?"

तोतोने हात वर केले. एयामू शाळेत गेलेला नव्हता, त्याला शिकवलेली खुणांची भाषा येत नव्हती. आई आणि लेकाने चुलीपाशी बसून जी भाषा बनवली तीच त्याची. त्याने कपाळाला दोन वाकडी बोटं लावली, दावं तुटल्याची झटक दाखवली, फुरफुरत पळणारा बैल दाखवला, मग पाठीला हात लावून असं तोंड केलं की सगळं कोर्ट खदखदून हसलं. ज्या पोलिसाने मारलं तोसुद्धा हसला.

"मलासुद्धा कळलं," मॅजिस्ट्रेट म्हणाले. "बैल आणायला गेला होता. ओकिरोर, तुला कळलं का?"

सरकारी वकील ओकिरोर ढेरी सावरत उठला. "बैलालाही कळलं असतं, साहेब."

"मग ताकीद देतो आणि सोडून—"

"हरकत आहे, साहेब."

नबुकेरा मॅडमची पांढरी काठी टेबलाला टेकलेली, मान ताठ. "आरोपीची आई प्रमाणित दुभाषी नाही. ती घरची आहे, तिचा यात जीव गुंतलेला आहे. ताकीद द्यायची म्हणजे आधी दोषी धरायचं. ज्या कामकाजातला एक शब्द माझ्या अशिलाला रीतसर कळवला नाही, त्यात तुम्ही त्याला दोषी धरताय. त्याला पात्र दुभाषी मिळण्याचा हक्क आहे. आम्हाला दया नको."

"बाई, मी सोडतोय त्याला!"

"हक्काने सोडा, साहेब."

हे मुद्दे अगुतीने काढले होते. रात्र जागून नव्हे, अर्ध्या तासात; कारण काम्पालाच्या हॉटेलात झालेल्या प्रशिक्षणात हेच तर घोकून घेतलं होतं. घरचा माणूस दुभाषी कधीही नको. तळलेला मासा खाता खाता सगळ्या इंटर्न पोरांनी हे एका सुरात म्हटलं होतं. आता स्वतःचं वाक्य कोर्टात वाजताना ऐकून अगुतीची छाती भरून आली.

मॅजिस्ट्रेटने गाल दाबला, पुढची तारीख दिली आणि दाढ काढायला गेले.

तोतो अगुतीजवळ आली. "झालं ना, पोरी? न्यायचा का आता याला?"

"तोतो, आपलं म्हणणं मान्य झालं. जिंकलो आपण."

"असं?" तोतोने दाराकडे पाहिलं. "मग त्याला परत गाडीत का कोंबतायत?"

तुरुंगाची शेती गावाबाहेर दलदलीच्या काठाला होती. कच्चे कैदी असोत की पक्के, पिवळे कपडे चढवून सगळ्यांना कसावाच्या, म्हणजे पिठूळ कंदांच्या, रानात जुंपायचे. दलदलीपलीकडे काळ्या खडकाची टेकडी, आणि टेकडीमागे तोतोची झोपडी. कुदळ मारताना मान वर केली की एयामूला आपल्या गावचा खडक दिसायचा. ही शिक्षा कुठल्या कायद्यात लिहिलेली नव्हती.

गिनतीला पहारेकरी शिट्टी मारायचा. सगळे कैदी उकिडवे बसायचे, एयामू उभाच. मग छडी. काही दिवसांनी तो शेजाऱ्याकडे तिरक्या नजरेने बघून बसायला शिकला, पण बघणारा नेहमी एक क्षण उशिराच बसतो. त्या एका क्षणाची छडी त्याला रोज मिळायची.

भेटीच्या दिवशी अगुती तोतोबरोबर जायची. आधी केसचं काम म्हणून, नंतर तशीच. तोतो नाचणीचा गोळा आणि तिळाची चटणी पानात बांधून आणायची. अर्धा गोळा पहारेकरी खायचा. तारेच्या जाळीशी बसून अगुती मायलेकांचे हात बघायची, आणि परतीच्या वाटेवर तोतो तिला एकेक खूण शिकवायची. गालाखाली तळवा म्हणजे झोप. तोंडासमोर उघडणारी मूठ म्हणजे उठणं, सकाळ. मुठीवर मूठ घासायची, जात्यावर नाचणी दळावी तशी, म्हणजे घर. उघड्या तळहातावर फुंकर म्हणजे नाही, संपलं, गेलं. बाप मेला तेव्हा त्याला असंच सांगितलं होतं.

"आणि उद्या घरी, कसं म्हणायचं?"

"झोप, ऊठ, घर." तोतोने तीन खुणा केल्या आणि लगेच हात लुगड्यात पुसले, काही सांडलं असावं तसे. "पण ते त्याला म्हणायचं नाही. मीसुद्धा म्हणत नाही."

"का?"

"त्याला उद्या म्हटलं की तो उठतो आणि निघतो. लहान असताना मी म्हटलं, उद्या मामाकडे. रात्री मला ताप चढला. सकाळी बघते तर अंथरुणात पोर नाही. एकटा मामाच्या दारात जाऊन बसलेला. त्याला 'बहुतेक' कळत नाही, पोरी. 'बघू' कळत नाही. ते सगळं तुमच्या तोंडाने बोलणाऱ्यांचं. हाताने बोललं की ते झालंच पाहिजे."

दुसऱ्या तारखेला काम्पालाहून प्रमाणित दुभाषी आला. कोट घातलेला, सज्जन पोरगा. तो एयामूसमोर उभा राहिला आणि त्याचे हात सुंदर, झरझर चालायला लागले. एयामू नाच बघावा तसा बघत राहिला. मग त्यानेही हात हलवून नक्कल केली, आणि कुणीतरी हसेल म्हणून इकडेतिकडे पाहिलं. या वेळी कुणी हसलं नाही.

"साहेब," दुभाष्याचा चेहरा पडला. "याला भाषाच येत नाही. म्हणजे, माझी येत नाही. मी याला काहीच विचारू शकत नाही."

"मग आईला विचारू?" मॅजिस्ट्रेटने नबुकेरा मॅडमकडे बघून कुत्सितपणे म्हटलं. "की ती वाट तुम्हीच बंद केलीय?"

ओकिरोर उठला. त्यालाही या वेळी हसू नव्हतं. कामकाज समजण्यास आरोपी असमर्थ, असं तो म्हणाला. तसं एकदा म्हटलं की पुढचं सगळं आपोआप घडतं. फाईल वर जाणार, मंत्र्याचा हुकूम येईपर्यंत आरोपी आत. आणि मंत्र्याच्या हुकमाची वाट बघता बघता कैदी म्हातारे होतात. बैल आणायला गेलेल्या माणसाला खुन्यापेक्षा मोठी शिक्षा, कारण खुन्याच्या शिक्षेला निदान शेवट असतो.

दोन दिवसांनी माडीवर नबुकेरा मॅडमच्या आवाजात धार आली होती. "आता खरी लढाई, अगुती. हे असमर्थ ठरवून डांबणारं कलमच हायकोर्टात पाडायचं. आपल्याला असाच माणूस हवा होता."

"मॅडम, त्याला छड्या बसतायत."

"माहीत आहे मला."

"ओकिरोर म्हणतो, फाईल अजून वर गेली नाही. तो केस मागे घ्यायला तयार आहे. त्यालाही नको झालीय."

"केस मागे घेतली की माझी याचिका कोसळली. सुटलेल्या माणसाची कसली याचिका? आणि मग पुढचा बहिरा आत जाईल. त्याच्या पुढचा जाईल."

"पण पहिल्याच दिवशी आईला बोलू दिलं असतं तर—"

"ऐक." नबुकेरा मॅडमनी काठी आडवी मांडीवर घेतली. "लिरा गावाकडची एक मुलगी होती. बहिरी. तिच्यावर बलात्कार झाला. कोर्टात तिच्या खुणांचं भाषांतर घरच्या माणसाने केलं. बापाने. ती कोर्टात हात आपटून, छाती बडवून सांगत होती आणि बाप सांगत होता, पोरगी म्हणते मला काही आठवत नाही. गुन्हेगार बापच होता. मी त्या खोलीत होते, अगुती. मला ती दिसत नव्हती. फक्त हात आपटल्याचा आवाज येत होता. आता सांग मला, घरच्यांचे हात चालू देऊ?"

बाई खोटं बोलत नव्हती. हीच तर गोची होती. खोटं बोलणाऱ्याशी भांडता येतं.

"एयामूला घरी जायचंय," अगुती म्हणाली.

"तुला कुणी सांगितलं?"

"त्यानेच."

"कुठल्या भाषेत?"

"त्याच्या."

"तू प्रमाणित आहेस?"

खाली दुकानात कुणीतरी पत्रा कापत होतं. अगुतीने कुबडी घेतली आणि जिना उतरली.

ओकिरोर कोर्टामागच्या झाडाखाली दारूच्या मडक्याभोवती चार-पाच जणांत बसला होता. सगळ्यांच्या तोंडात मडक्यात सोडलेल्या लांब नळ्या.

"या, या, तीनपायी वकील! नळी देऊ?"

"ओकिरोरदादा, उद्या केस मागे घ्या."

"तुमच्या मॅडम?"

"मॅडमना नंतर सांगेन."

ओकिरोरने नळी तोंडातून काढली आणि तिच्याकडे नीट पाहिलं. "नोकरी जाईल तुझी."

"नोकरी आहे कुठे? इंटर्न आहे मी."

तो एवढा हसला की ढेरी हलली. "ये सकाळी. पहिलीच केस घेतो. त्याच्या आईलाही आण. माझी आई जिवंत असती तर या पापाबद्दल तिने मला चुलीतल्या लाकडाने मारलं असतं."

तो दिवस भेटीचाच होता. तोतो जाळीशी बसली होती. एयामूच्या मानेवर नवा वळ होता, खालचा ओठ फुटला होता. त्याने आईला दलदलीपलीकडचा खडक दाखवला आणि मूठ मुठीवर घासली. घर. तोतोने मान खाली घातली. प्रत्येक भेटीत तो हेच विचारायचा आणि प्रत्येक भेटीत ती मान खाली घालायची.

अगुतीला राहवलं नाही. तिने जाळीला कुबडी टेकवली. गालाखाली तळवा. तोंडासमोर उघडती मूठ. मुठीवर मूठ.

एयामूने आईकडे पाहिलं. खरं?

"काय केलंस, पोरी?" तोतो कुजबुजली.

"खरंच आहे, तोतो. ओकिरोरने शब्द दिलाय. उद्या सकाळी."

तोतोचे हात मांडीवरच होते. ती फुंकर मारू शकली असती. नाही, खोटं आहे, असं सांगू शकली असती. पण लेकाचा चेहरा असा उजळला होता की तो विझवायला कुठल्या आईचा हात उठेल? एयामूने जाळीतून बोटं घालून अगुतीची बोटं दाबली आणि बराकीकडे गेला. पाठीवर वळ असलेला माणूस एवढा हलका चालू शकतो, हे अगुतीने पहिल्यांदा पाहिलं.

सकाळी कोर्टात तोतो मागच्या बाकावर होती; फक्त कागद हलायचा म्हणून एयामूला तुरुंगातून आणलं नव्हतं. ओकिरोर शब्दाला जागला. उठला, म्हणाला, सरकारला हा खटला चालवायचा नाही. मॅजिस्ट्रेटने पेन उचललं.

दारात पांढरी काठी वाजली.

"आरोपीची वकील मी आहे, साहेब. मला न कळवता हे चाललंय." नबुकेरा मॅडमना कुणी सांगितलं देव जाणे, मडक्याभोवती नळ्या पाच आणि कान दहा असतात. "माझी याचिका हायकोर्टात दाखल होईपर्यंत मला आठ दिवस द्या. मग सरकारने खुशाल मागे घ्यावं."

मॅजिस्ट्रेटने ओकिरोरकडे पाहिलं, ओकिरोरने अगुतीकडे. रीतीने बाई बरोबर होती. या कहाणीत सगळेच रीतीने बरोबर होते. पेन खाली आलं. आठ दिवस.

"आठच दिवस, अगुती," बाहेर येताना नबुकेरा मॅडम तिचा खांदा चाचपत म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "तो सुटेल आणि कलमही जाईल. आज तू चुकलीस, पण मनाने चुकलीस. मी ते लक्षात ठेवीन."

अगुती ऐकत नव्हती. ती तोतोकडे बघत होती. तोतो रस्त्यावर पोचली होती आणि तुरुंगाच्या दिशेने पळत होती. म्हातारी बाई, भर उन्हात, लुगडं गुडघ्यावर धरून.

अगुतीने बोडाबोडा, भाड्याची मोटरसायकल, थांबवली, तोतोला मागे घेतलं, कुबडी आडवी धरली. मोटरसायकलवाला म्हणाला, "आज्जी, कुणाचा जीव चाललाय का?"

कसावाच्या रानात कैदी उकिडवे बसवलेले होते. एक कुदळ मातीत उभी रोवलेली, आणि तिच्या दांड्यावर पिवळा सदरा, पिवळी विजार, नीट घडी करून ठेवलेली. सरकारचा माल सरकारला. एयामू झोपला होता, उठला होता, आणि अर्ध्या चड्डीत, मान वर करून, खडकाकडे बघत दलदलीच्या वाटेने घरी निघाला होता. पळत नव्हता, हे नंतर सगळ्या कैद्यांनी सांगितलं. चालत होता. पहारेकऱ्याने शिट्टी मारली. मग ओरडला. मग पुन्हा ओरडला. तीनदा ओरडलो, असं त्याने जबाबात लिहून दिलं, आणि ते खरंच होतं.

गोळी पाठीतून गेली. तो पाण्याच्या कडेला लव्हाळ्यात पालथा पडला होता. हात पुढे होते.

पुरलं तेव्हा बैल गोठ्यात बांधलेला होता. गावकरी सावलीत मडक्याभोवती बसले होते, नळ्या होत्या, पण ओढण्याचा आवाज नव्हता. ओकिरोर आला, ताज्या मातीपाशी उभा राहिला आणि कुणाशी न बोलता गेला. दुपारी संस्थेची गाडी आली. नबुकेरा मॅडम उतरल्या. काठीने माती चाचपत थेट कबरीपर्यंत गेल्या, तिथे गुडघे टेकून बसल्या. खरोखर रडल्या. हे सांगायलाच हवं, कारण त्यांना राक्षसीण ठरवलं तर सगळं सोपं होतं.

मग त्या तोतोसमोर चटईवर बसल्या.

"तोतो, एयामू गेला, पण त्याची याचिका मरू द्यायची नाही. आता तुम्ही याचिका करा. आई म्हणून. तुमचं म्हणणं सगळा देश ऐकेल. अशी गोळी पुन्हा कुणाला लागणार नाही. तुम्ही फक्त हो म्हणा."

मुलगा गेल्यापासून तोतो तोंडाने एक शब्द बोलली नव्हती. तिने गालाखाली तळवा धरला. मग मूठ तोंडासमोर नेली. ती उघडली नाही. तळहात पुढे करून तिने त्यावर फुंकर मारली. आणि मग मुठीवर मूठ घासायला लागली. घासतच राहिली. कातडं लाल झालं तरी थांबेना. शेजारच्या बायकांनी तोंडाला पदर लावले.

नबुकेरा मॅडम वाट बघत होत्या. त्यांना फक्त कातड्यावर कातडं घासल्याचा आवाज येत होता. हातांचा आवाज त्यांनी पूर्वीही एका खोलीत ऐकला होता. त्यांची मान हळूहळू वाकडी झाली.

"अगुती? ती हाताने बोलतेय ना? काय म्हणतेय?"

अगुती कुबडीवर उभी होती. ओल्या मातीत कुबडी वीतभर रुतली होती.

"अगुती, काय म्हणतेय ती? सांग मला."

"मी प्रमाणित नाही, मॅडम."

तिने कुबडी उपसली, तोतोच्या शेजारी जाऊन बसली आणि तिच्या दोन्ही मुठी आपल्या हातात धरल्या. मुठी थांबल्या नाहीत.